जित्या माणसाचं पान

हे वाचून तुम्हाला रत्नागिरीकडे जावंसं वाटलं, तर माझं लिहिणं पुन्हा एकदा फसलं असं समजा. गावाचं नाव मी सांगणार नाही. वेळणेश्वर आणि हेदवीच्या आसपास कुठेतरी, एवढ्यावर भागवा. मागच्या वेळी नाव लिहिलं होतं, एसटीचा थांबा लिहिला होता, थांब्यापासून किती मिनिटं चालायचं तेसुद्धा लिहिलं होतं. पुरे झालं तेवढं.

अठरा वर्षांपूर्वी मी किनाऱ्यावरच्या भटकंतीचं एक पुस्तक लिहिलं. बरीच वर्षं ते कुणी विकत घेतलं नाही, माझ्या सख्ख्या भावानेही नाही. मग कुणीतरी त्यातल्या एका उताऱ्याचा फोटो मोबाईलवर टाकला आणि तो घरोघर फिरायला लागला. उतारा असा आहे:

'दुपार झाली की शेवंती अंगणात केळीचं पान मांडते. भात, वडे, खीर वाढते. मग पडवीच्या खांबाला टेकून बघत बसते. ज्याच्यासाठी वाढलं तो आज आला नाही. उद्या ती पुन्हा पान मांडेल.'

झालं! एवढ्यावर माणसं गाड्या काढून निघाली. प्रकाशकांना नवी आवृत्ती सुचली. म्हणाले, "तुम्ही एकदा जाऊन या आणि शेवंतीवर एक ताजं प्रकरण जोडा." मीही हुरळून गेलो. साठीला आलेल्या माणसाला कुणी वाचतंय म्हटल्यावर दुसरं काय होणार? पुण्याहून सकाळी निघालो तेव्हा मी शीळ वाजवत होतो, हे कबूल करतो.

शुक्रवार, होमस्टे

गुहागर सोडल्यावरचा सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून जाणारा रस्ता माझ्या पुस्तकात 'दोन्ही बाजूंना गवताच्या सोनेरी लाटा' असा आहे. गवत आहे, नाही म्हणत नाही. दिवाळी होऊन गेली होती, ते वाळून पिवळं पडलं होतं आणि मधूनमधून काळा पडलेला जांभा दिसत होता. त्या गवतात दोन गाड्या उभ्या, आणि एक गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे राहून बायकोला ओढणी उडवायला सांगत होते. मी हॉर्न वाजवला तर मलाच म्हणाले, "काका, दोन मिनिटं. पुस्तकातला स्पॉट आहे."

पुस्तकातला स्पॉट! अहो, मी तिथे लघवीला थांबलो होतो. तेही लिहायला हवं होतं म्हणजे गर्दी झाली नसती.

गावाच्या अलीकडच्या वळणावर पूर्वी एका म्हाताऱ्याची चहाची टपरी होती. आता तिथे होमस्टे आहे. मालक मुंबईचे, गावाशी संबंध फक्त सातबाऱ्यापुरता. जेवणाच्या खोलीत शिरलो तर भिंतीवर माझा उतारा, वेलबुट्टीच्या अक्षरांत, काचेच्या फ्रेममध्ये. खाली माझं नाव नाही. मेन्यूवर पहिल्याच ओळीत 'शेवंतीचं पान (शाकाहारी)'. डोक्यात तिडीक गेली, आणि खरं सांगायचं तर नाव नाही म्हणून जास्त गेली.

शेजारच्या टेबलावर नाशिकच्या एक बाई होत्या, बरोबर त्यांचे मिस्टर. बाईंच्या हातात माझं पुस्तक, त्याला खाकी कव्हर, आत रंगीत चिठ्ठ्या खोचलेल्या. माझं लक्ष तिकडे गेलेलं पाहून त्यांनी विचारलं, "वाचलंय का तुम्ही?"

मी सरळ 'मी लिहिलंय' म्हणायला हवं होतं. पण मला स्तुती ऐकायची होती. म्हटलं, "नाही बुवा. काय आहे त्यात?"

"वाचल्याशिवाय इथे येऊच नये माणसाने," बाई म्हणाल्या आणि मला माझंच प्रकरण सांगायला बसल्या. सुधारून सांगितलं. त्यांच्या शेवंतीचे केस पांढरेशुभ्र होते. ती पान मांडताना ओव्या म्हणत होती. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तो मेला नवरा मुंबईत दुसरं घर करून बसलेला."

"असं लिहिलंय पुस्तकात?"

"लिहायला कशाला लागतं? वाचणाऱ्याला कळतं ते."

मिस्टर मान डोलावून आमटी भुरकत राहिले. दर दिवाळीनंतर बायको त्यांना कुठल्या ना कुठल्या पुस्तकातल्या गावी घेऊन जाते, असं ते मला हात धुताना म्हणाले. मागच्या वर्षीच्या गावात तर काहीच नव्हतं, फक्त डास होते.

पान आलं. भात, वडे, तांदळाची खीर, लाल भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी. वडे खरोखर चांगले होते. वाढणाऱ्या बाई गावातल्याच दिसत होत्या, म्हणून मी वड्यांची तारीफ केली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "गोड लागतंय तर खावा. आमी नाय खात ह्ये."

"का?"

"म्हाळाचं जेवान हाय ह्ये. पितृपक्षात मेलेल्या मानसासाटी रांधायचं, पान भायेर ठेवायचं आनि कावळ्याची वाट बगायची. वर्सातनं एकदा. हितं मालक रोज रांधायला लावतायत. कुनाच्या नावानं वाढतंय मी रोज, सांगा तुमी."

मी हातातला वडा पानावर परत ठेवला. म्हाळ हा शब्द मला नवा नव्हता.

शनिवार, शेवंतीवहिनींचं घर

कोकणातल्या गावात दिवसा दार लावलेलं घर मी फारसं पाहिलेलं नाही. माणसं मागच्या परड्यात असली तरी पुढचं दार सताड उघडं. वहिनींचं दार सकाळी अकराला बंद होतं. अंगणाच्या कडेला काठीला एक फळी ठोकलेली, तिच्यावर खडूने लिहिलं होतं: 'फोटो काढू नये. इथे पान मांडत नाहीत. माणूस घरात आहे.'

ती फळी मी तीनदा वाचली. मग घराला वळसा घालून मागे गेलो. मागच्या पडवीत एक किडकिडीत गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "पुस्तकवाले?"

"हो. म्हणजे... शेवंतीवहिनी आहेत का?"

"हाय ना. चुलीजवळ हाय." मग वर बघून म्हणाले, "मी गोविंद. तिचा नवरा. तो परत न आलेला."

मी हसायला गेलो, पण ते हसत नव्हते. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. केस पांढरेशुभ्र कुठले, मेंदी लावून लालसर झालेले. मी अठरा वर्षांत दाढी काढली आहे, डोक्यावरचे केस आपसूक गेले आहेत. त्यांनी एक क्षण पाहिलं आणि म्हणाल्या, "या, या. दाडी काडलीत म्हंजे वळकू येनार नाय, असं वाटलं काय?"

पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. रागावलेल्या घरातही आधी गूळ-पाणी, आमच्याकडे रागावलेला माणूस आधी दार आपटतो. माझं पाणी पिऊन होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग उभ्या-उभ्याच बोलायला लागल्या.

"मी तुमाला जेवायला घातलं व्हतं की नाय?"

"घातलं होतं."

"माज्या सासऱ्यांचा म्हाळ व्हता त्या दिवशी. सांगितलं व्हतं?"

"सांगितलं होतं."

"ह्ये मुंबईला गोदीत कामाला. गनपतीला घरी येऊन पंदरा दिसांमागं गेलं, तेपन सांगितलं व्हतं?"

"हो, वहिनी."

"मग?"

या 'मग'चं उत्तर आहे, पण ते त्यांच्यासमोर उच्चारायची हिंमत झाली नाही. इथे सांगतो. त्या प्रवासाची माझी वही अजून घरी आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय: 'सासऱ्यांचा म्हाळ. आग्रहाने जेवायला बसवलं. कावळा लवकर येईना, सगळे खोळंबले. नवरा गोदीत.' पुण्याला येऊन लिहायला बसलो तेव्हा म्हाळ गाळला. म्हाळ ठेवला असता तर ते नुसतं एका पाहुण्याचं जेवण झालं असतं. म्हाळ गाळला, कावळा गाळला, सासरे गाळले. उरली एक बाई, एक पान आणि रिकामी वाट. एका दुपारचं मी 'दुपार झाली की' केलं. आम्ही प्रवासवर्णनवाले हे सर्रास करतो. एकदा पाहिलेलं रोजचं करून टाकतो, आणि तुम्ही ते रोजचं बघायला सुट्टी काढून निघता. मला सगळं कळत होतं. वाक्य छान झालं होतं, म्हणून ठेवलं.

"कावळ्याला ठेवतात ते पान," वहिनींचा आवाज आता चढला होता, "माज्या जित्या मानसाच्या नावानं मांडलंत तुमी! छापलंत! लोकं येऊन मला धीर देतात. एक बाई तर गळ्यात पडून रडली माज्या. ह्ये समोर बसलेले!"

"ती बाई बरी," गोविंदभाऊ जाळ्यातून म्हणाले. "तो मोबाईलवाला सांग."

गेल्या वर्षीची गोष्ट. भर दुपारी पाच-सहा जणांचा घोळका आला. त्यांतल्या एकाने वहिनींना सांगितलं, काकू, ते पान मांडा ना, फोटो काढायचाय. भाऊ पडवीत जेवायला बसत होते. ते उठून म्हणाले, "अरे, मीच तिचा नवरा. हा काय हितं उभा हाय." तर तो पोरगा हसला आणि म्हणाला, "नाही हो आजोबा, पुस्तकात ते परत आलेले नाहीत."

त्या दिवसापासून गोविंदभाऊ दुपारी घरात जेवलेले नाहीत. सकाळी भाकरी बांधून घेतात आणि दुपारी सड्यावरच्या काजूंत जाऊन एकटेच खातात. पुढचं दार बंद ठेवायलाही त्यांनीच सांगितलं. चाळीस वर्षं मुंबईत खानावळीत जेवलेला माणूस, कधी एकदा घरच्या भाताला बसतोय म्हणत निवृत्तीची वाट बघत होता, असं वहिनी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

"आंगावरचं मास बगा त्यांच्या. किती सांगते, बसा. बसत नायत."

"माजं पान वाढून झालंय की," भाऊ म्हणाले. "आता परत काय बसायचं?"

गंमतीच्या सुरात बोलले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी घाईघाईने बोलायला लागलो: नव्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, वर्तमानपत्रात खुलासा लिहितो, सगळं खरं काय ते लिहितो...

"लिवू नका!" वहिनी अशा ओरडल्या की परसातल्या कोंबड्या उडाल्या. "आनि काय लिवू नका! हात जोडते तुमाला!"

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. बहुधा ते त्यांच्या मनात कधीचं ठरलेलं असावं.

"उद्या ऐतवार. दुपारी या. दार उगडं ठेवून, पुडच्या पडवीत, येनाऱ्या-जानाऱ्यांच्या देखत ह्यांचं पान तुमच्या हातानं मांडायचं. आनि शेजारी बसून जेवायचं. तुमी मांडलंय ते वंगाळ, तर नीट पन तुमीच मांडायचं."

"मी बसनार नाय हां," भाऊ म्हणाले.

"बगू," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर रेंज मिळाली तेव्हा प्रकाशकांना फोन लावला. म्हटलं, तो उतारा काढून टाका. ते अगदी शांतपणे म्हणाले, "काढू की. पण मग पुस्तकात उरतं काय?" मी फोन बंद केला. संतापलो होतो, पण ते खोटं बोलत होते असं काही मला म्हणता येईना.

रविवार, पुढची पडवी

साडेअकराला पोचलो. दार उघडं होतं आणि ती फळी उपटून भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. वहिनींनी माझ्या हातात रांगोळीची वाटी दिली.

"म्हाळाच्या पानाभोवती रांगोळी नसते. म्हनून आदी रांगोळी काडा."

मी आयुष्यात रांगोळी काढलेली नाही. बोटांतून भसाभसा पडली. जे झालं ते बघून शेजारच्या घराच्या अंगणातून दोन बायका फिदीफिदी हसल्या. बसू देत हसत. मग दोन पानं मांडली, टोकं डावीकडे करून. मीठ वाढलं ते चुकीच्या जागी. "मीठ तितं? पुन्यात असंच वाढतात?" वहिनींनी विचारलं. मी काढून मधोमध वर ठेवलं. मग भात, आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण, आणि तळलेले बांगडे वेगळे.

"म्हाळाला आमच्यात मासा नसतो," वहिनी म्हणाल्या. "आज हाय. आलं ध्यानात?"

आलं. हात पुसून मी मागच्या पडवीत गेलो. भाऊ भाकरीचं फडकं घेऊन सड्याकडे निघायच्या तयारीत होते. माझ्या तोंडून काही चांगलं वाक्य निघेल असं मला वाटलं होतं. निघालं नाही ते बरं. मी म्हटलं, "गोविंदभाऊ, पान मांडलंय. चुकलो मी. चला जेवायला."

ते बराच वेळ फडक्याची गाठ सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "बांगडा हाय?"

"आहे."

ते पुढे आले. रांगोळीकडे बघून "ह्ये काय, खेकडा?" म्हणाले आणि बसले. मी शेजारी बसलो. वहिनी खांबाला टेकून उभ्या राहिल्या, अगदी माझ्या पुस्तकातल्यासारख्या, पण बघत होत्या नवऱ्याच्या हाताकडे. भाऊंनी भात कालवला. घास केला. तो हातातच धरून ठेवला.

आणि अंगणातून आवाज आला, "अहो, हेच! हेच ते घर!"

नाशिकच्या बाई. मागे मिस्टर, डोक्यावर टोपी. बाईंनी पडवीतली पानं पाहिली, छातीवर हात ठेवला आणि कुजबुजल्या, "अगं बाई, मांडलंय पान." दुसऱ्या हाताने मोबाईल वर झालासुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाताचा हात तसाच घेऊन मी उठलो. "खाली करा तो फोन! काय चाललंय? माणसं जेवतायत इथे! हे गोविंदभाऊ, या वहिनींचे यजमान, धडधाकट जिवंत आहेत! ते पुस्तकातलं खोटं आहे, साफ खोटं!"

बाई मुळीच घाबरल्या नाहीत. "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर वाचलेलंही नाही."

"अहो, मी लिहिलंय ते!"

"परवा तर म्हणालात, वाचलं नाही."

"ते... ते मी खोटं बोललो."

"बघा," बाई मिस्टरांना म्हणाल्या. त्यांनी शांतपणे पुस्तकाचं खाकी कव्हर सोडवलं, मागच्या बाजूचा फोटो माझ्यासमोर धरला. काळी कुळकुळीत दाढी, डोक्यावर भरघोस केस. "हे लेखक. किती तेजस्वी चेहरा आहे. आणि तुम्ही..." पुढचं त्यांनी सौजन्याने गिळलं.

मी त्या फोटोकडे बघितलं आणि मलाही क्षणभर पटेना. मग भाऊंकडे वळलो. म्हटलं, "भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना. मी कोण आहे ते सांगा."

गोविंदभाऊंनी हातातला घास तोंडात घातला. सावकाश चावला. बांगड्याचा काटा काढून पानाच्या कडेला ठेवला. मग पुस्तकावरच्या फोटोकडे नीट बघितलं.

"ह्ये? ह्ये आलं व्हतं एकदा," ते म्हणाले. "जेवून गेलं. मगे परत नाय आलं."

"अरेरे," बाईंचे डोळे भरून आले. "वाटलंच होतं मला. काय झालं हो त्यांचं?"

"काय म्हाईत. आमी वाट बगतोय."

बाईंनी पुस्तकाला हात जोडले. मिस्टरांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. जाता जाता एक फोटो बाईंनी काढलाच, आणि दोघं गेले. मी तसाच उभा, हातावरचा भात वाळत चाललेला. राग आला का? भयंकर आला. पण बोलणार काय? एवढंच मी भाऊंच्या बाबतीत केलं होतं, तेही सगळ्यांच्या समोर नाही, पुण्यात पंख्याखाली बसून.

वहिनींना हसू आवरत नव्हतं. भाऊंनी मात्र चेहरा सरळ ठेवला. "बसा," म्हणाले, "भात गार व्हतोय." मग वहिनींकडे न बघताच डाव्या हाताने पानाकडे बोट दाखवलं. "भात आन गो. आनि कालवन."

त्यांनी तीनदा भात घेतला. मी मोजला. वहिनीही मोजत होत्या.

निघताना वहिनींनीच मला हे लिहायची परवानगी दिली. अट एकच घातली, झालं तेवढंच लिहायचं आणि एकदाच झालं असं लिहायचं. म्हणून सांगतो: त्या रविवारी, एकदाच. उतारा काढल्याशिवाय पुस्तक पुन्हा छापायचं नाही, असं मी प्रकाशकांना लेखी कळवलं आहे. काही उरलं नाही तर नाही.

नाशिकच्या बाईंनी काढलेला तो फोटो एव्हाना तुमच्या मोबाईलवर येऊन पोचला असेल. त्यात पडवीत दोन पानं दिसतील, एक बसलेला माणूस आणि एक उभा. दोघंही जिवंत आहेत आणि दोघंही पोटभर जेवले. बघायला येऊ नका.